लागला का, दाजी?

गेवराईत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न पावसाचा. ‘तुमच्याकडं किती पडला?’ तो पडलेला नसला की दुसरा प्रश्न आपोआप पुढं येतो, ‘लागला का?’ काही वर्षांमागं हा प्रश्न पोराच्या नोकरीबद्दल असायचा. पोलीस भरती, तलाठी भरती, शिक्षक भरती. मग भरत्या आटल्या, पोरं लागायची थांबली आणि आयपीओ लागायला लागले. प्रश्न तोच राहिला. उत्तरही बहुतेक वेळा तेच असतं, ‘कशाचं लागतंय बाबा!’

आमचे दाजी या विषयातले तालुक्यातले जाणकार. त्यांच्याकडं कपाशीचं रान आहे, पैठणच्या उजव्या कालव्याला वेळेवर पाणी सुटलं तर थोडा ऊस असतो, आणि घरातल्या सहा माणसांची सहा पॅन कार्डं आहेत. यातल्या पॅन कार्डांवर बोंडअळी येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पॅनचं गणित समजून घेण्यासारखं आहे. आयपीओला, म्हणजे कंपनीच्या नव्या शेअर-विक्रीला, मागणी फार आली की किरकोळ गुंतवणूकदारांमध्ये सोडत निघते आणि ज्याचा नंबर लागतो त्याला एकच लॉट, म्हणजे शेअरचा एक ठरलेला गठ्ठा, मिळतो. मग तुम्ही पंधरा हजारांचा अर्ज केलेला असो की दोन लाखांचा, नंबर लागायची शक्यता सारखीच. एका पॅनवर अर्जही एकच. म्हणजे इथं पैसा वाढवून उपयोग नाही, माणसं वाढवावी लागतात. दाजींनी स्वतःचं झाल्यावर ताईचं डीमॅट उघडलं, मग आबांचं, मग थोरल्याचं. धाकटा ज्या दिवशी अठरा वर्षांचा झाला त्या दिवशी केक संध्याकाळी आला. केवायसी सकाळीच झालं होतं. शेवटी उरली माय. म्हणजे दाजींची आई, वय अठ्ठ्याहत्तर.

मायचं प्रकरण जरा अवघड गेलं. अर्जाचे पैसे अर्जदाराच्याच खात्यातून अडकवले जावे लागतात. दुसऱ्याच्या यूपीआयवरून भरलं तर अर्ज बाद. मायच्या नावावर दीड एकर असल्यामुळं पीएम किसानचे दोन हजार येतात ते खातं होतं. दाजींनी त्याला एटीएम कार्ड काढलं, नवं सिम घेतलं, थोरल्याचा काच तडकलेला जुना मोबाइल त्या सिमला दिला आणि तो मायच्या चंचीत, सुपारीच्या खांडांशेजारी विराजमान झाला. मायला वाटतं तो बिघडलेला आहे, कारण त्यावर कुणी बोलत नाही. अर्ज बंद व्हायच्या दिवशी मात्र तो मोबाइल गावातला सर्वांत महत्त्वाचा ऐवज असतो. यूपीआयची मंजुरी पाचच्या आत द्यायची असते आणि माय चार वाजता चंचीसकट मंदिरात हरिपाठाला गेलेली असते. एका शुक्रवारी धाकटा चपला हातात घेऊन देवळात घुसला, आजीच्या कमरेची चंची सोडवली, पिन मारला आणि ‘राम कृष्ण हरी’ म्हणून बाहेर पळाला. बायांना वाटलं, नात्यात कुणी गेलं.

या घराण्याच्या कलेला राष्ट्रीय परंपरा आहे. २००३ ते २००५ या काळातल्या घोटाळ्यात अहमदाबादच्या रूपलबेन पांचाळ यांचं नाव गाजलं. किरकोळ गुंतवणूकदारांचा राखीव हिस्सा बळकावण्यासाठी हजारो खोट्या नावांनी डीमॅट खाती उघडली गेली होती. येस बँक आणि आयडीएफसीचे इश्यू त्यात होते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं ते बाहेर काढलं. दाजींना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते आदरानं गप्प झाले. मग म्हणाले, ‘आपली सहाच्या सहा माणसं खरी हायेत.’ हे बाकी कबूल करायला हवं.

शेअर ही वस्तू गेवराईला नवी नाही. १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला तेव्हापासून महाराष्ट्रातला ऊसवाला शेतकरी भागधारक आहे, आणि आमच्याकडंही गढीला जय भवानी कारखाना झाल्यापासून घरोघर सभासद आहेत. तो शेअर बाजारात येत नाही, त्याचा भाव टीव्हीवर दिसत नाही, आणि एखाद्याकडं कितीही शेअर असले तरी मत एकच. सभासद त्यातून काय मागतो? ऊस वेळेवर जावा, दिवाळीला साखर स्वस्तात मिळावी, वार्षिक सभेला गाडी यावी आणि सभेनंतर पंगत बसावी. अहवालाचं पुस्तक घरी येतं ते पंगतीची तारीख बघण्यासाठी. आमच्याकडच्या माणसाला भागधारक व्हायचं म्हणजे इतकंच ठाऊक होतं. त्यात लिस्टिंग गेनला, म्हणजे शेअर बाजारात आल्या दिवशीच्या नफ्याला, जागा नव्हती.

ती जागा आम्हाला पहिल्यांदा दाखवली २००८ च्या जानेवारीत रिलायन्स पॉवरनं. साडेअकरा हजार कोटींहून अधिक रकमेचा इश्यू, पहिल्या मिनिटाभरात भरला, शेवटी सत्तरपटींच्या वर मागणी. त्या दिवसांत ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तास लोडशेडिंग असे. कंपनीचा एकही वीज प्रकल्प अजून सुरू झालेला नव्हता. तरी लोकांनी कंदिलाच्या उजेडात विजेचे फॉर्म भरले. किरकोळ गुंतवणूकदारांना ४३० रुपयांना शेअर मिळाला. ११ फेब्रुवारीला लिस्टिंग झालं, सकाळी भाव पाचशेच्या वर गेला आणि संध्याकाळी ३७२ च्या आसपास उतरला. पुढं बोनस दिला, तरी २०२० मध्ये तोच शेअर दोन रुपयांच्याही खाली होता. लाइन मात्र त्या मानानं बरी राहू लागली आहे.

ही गोष्ट दाजींना तोंडपाठ आहे. तेच इतरांना सांगतात. आणि सांगून झाल्यावर मोबाइल काढून नव्या इश्यूचा जीएमपी बघतात.

जीएमपी म्हणजे ग्रे मार्केट प्रीमियम. हा एक असा भाव आहे की जो कुठल्याही अधिकृत बाजारात निघत नाही, ज्याच्यावर सेबीचं लक्ष नाही, आणि तो ठरवतं कोण हे विचारलं तर सगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपकडं बोट दाखवतात. मोंढ्यातल्या हॉटेलवर सकाळी नऊला तो जाहीर होतो. ‘आज शंभरनं वर हाय.’ कंपनी काय करते हे कुणी विचारत नाही. एकदा आमच्या निवृत्त गुरुजींनी विचारलं. दाजी म्हणाले, ‘लिस्ट झाल्यावर बघू.’

गुरुजी हा गेवराईतला एकमेव माणूस असेल, जो माहितीपत्रक वाचतो. त्यांनी पेटीएमचं वाचलं होतं. आम्ही तोट्यात आहोत, पुढंही खर्च वाढणार आहे, अशा अर्थाचं त्यात कंपनीनंच लिहिलेलं होतं. इश्यू १८,३०० कोटींचा. त्यातले १०,००० कोटी कंपनीकडं जाणारच नव्हते, ते आधीच्या मालकांनी आपले शेअर विकून घरी न्यायचे होते. गुरुजींनी हे हॉटेलात वाचून दाखवलं. तेवढ्यात गल्ल्यावरचा निळा-पांढरा डबा बोलला, ‘पेटीएम पर दस रुपये प्राप्त हुए.’ सगळे हसले. म्हणजे गुरुजींच्या बाजूनं जोखमीची पानंच्या पानं होती आणि दुसऱ्या बाजूनं दहा रुपये. दहा रुपये जिंकले. १८ नोव्हेंबर २०२१ ला २,१५० चा शेअर १,९५० ला उघडला आणि दिवसअखेर १,५६० च्या आसपास आला. डबा आजही बोलतो. हॉटेलवाल्यानं त्याचा आवाज मात्र कमी केला आहे.

मला यात कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच वाटते. आमचा माणूस भोळा नाही. कापूस घेऊन तो जिनिंगवर जातो तेव्हा त्याच्याइतका सावध माणूस दुसरा नसेल. ट्रॉली रांगेत लागते, व्यापारी येतो, कोपऱ्यातून हात आत घालून मूठभर कापूस उपसतो, दाबून ओल बघतो, कवडी किती हे बघतो. सीसीआयकडं तर यंत्रच लावतात: आठ टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढं कपात, बाराच्या वर माल परत. विकणाऱ्याला घाई आहे की नाही, हे घेणारा आधी ओळखतो. दिवाळीच्या तोंडावर, लग्नाच्या आधी, उसनवारी फेडायच्या वेळी शेतकरी भाव बघत नाही, हे मोंढ्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. हे सगळं दाजींना कळतं. मग हेच दाजी घेणाऱ्याच्या खुर्चीत बसले की ट्रॉलीत हात का घालत नाहीत? इथं तर विकणारा घाईत नसतो. बाजार तेजीत असला, पेपरात फोटो येऊ लागले, की तो दिवस बघून तो माल काढतो. मंदीत आयपीओची गर्दी कधी पाहिली आहे का कुणी?

त्याहून मौज म्हणजे कट-ऑफ. ज्यानं आयुष्यात कधी स्वतःच्या मालाचा भाव स्वतः सांगितला नाही, त्याला इथं रीतसर विचारतात, की या पट्ट्यात तुम्हाला कोणता भाव परवडतो? त्याखाली एक चौकोन असतो: कट-ऑफ. म्हणजे बाकीचे ठरवतील तो भाव मला मान्य, आणि तोवर वरच्या टोकाच्या हिशेबानं पैसे अडकवून ठेवा. दाजी डोळे झाकून तिथं टिक करतात. सगळेच करतात, नाही केलं तर सोडतीतून बाहेर राहण्याची भीती असते, तेही खरं. पण मोंढ्यात जन्मभर ‘जो निघंल तो द्या मालक’ म्हटलेला माणूस पैसे घेऊन आला तरी तेच म्हणतो, हे पाहिल्यावर मला हसू येतं आणि ते फार वेळ टिकत नाही.

आता मूळ मुद्दा. दाजींचं गाऱ्हाणं असं की चांगला आयपीओ आपल्याला लागत नाही. नशीब, दुसरं काय. म्हणून ते राक्षसभुवनला जाऊन आले. गोदाकाठचं हे शनीचं ठाणं आमच्याच तालुक्यात, साडेतीन शनिपीठांपैकी एक मानलेलं. याच रानात १७६३ साली थोरल्या माधवरावांनी निजामाला पाणी पाजलं. दाजींनी तेल घातलं. शनिमहाराजांचा लॉक-इन साडेसात वर्षांचा, बाजारातल्या अँकर गुंतवणूकदारांचा तीस आणि नव्वद दिवसांचा, तेव्हा महाराजांना हा व्यवहार उथळ वाटला असल्यास नवल नाही. पुढचा इश्यूही लागला नाही.

पण यात शनीचा दोष नाही, हिशेबाचा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये टाटा टेक्नॉलॉजीजचा इश्यू आला, भाव ५००. किरकोळ हिश्श्यात सोळापटींहून अधिक मागणी. म्हणजे बऱ्याच अर्जांतल्या एकाला लागणार. दाजींच्या घरात शून्य. शेअर १,२०० ला उघडला. पेटीएमच्या वेळी किरकोळ मागणी दीड-पावणेदोन पटच होती. दाजींच्या घरात चौघांना लागला, मायसकट. ज्याच्यावर सगळे तुटून पडतात ते तुम्हाला मिळत नाही. जे तुम्हाला सहज मिळालं ते बाकीच्या जाणत्यांनी बघून सोडून दिलेलं असतं. केव्हिन रॉक नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं १९८६ साली यावर पेपर लिहिला. त्याला त्यासाठी तेल घालावं लागलं नव्हतं. सहा पॅनांची सरासरी काढायची तर टाटाची स्वप्नातली कमाई धरायची नसते. हाती आलेलं पेटीएम धरायचं असतं. दाजी मात्र हिशेब उलटा मांडतात. न लागलेल्या आयपीओंचा ‘फायदा’ ते वहीत लिहून ठेवतात. त्या वहीप्रमाणं ते लखपती आहेत.

ज्यांना टाटा लागला नाही त्यांतल्या काहींनी आणखी एक पराक्रम केला. पहिल्याच दिवशी, मागं राहायला नको म्हणून, बाजारातून तेराशे-चौदाशेला घेतला. २०२५ मध्ये तोच सातशेच्या खाली मिळत होता.

एलआयसीचं प्रकरण तर घरचंच. मे २०२२. आमच्याकडं एलआयसी ही कंपनी नाही, ते एक नातं आहे. एजंट लग्नाच्या यादीत असतो. पॉलिसीधारकांना वेगळा हिस्सा आणि साठ रुपये सूट, पण फेब्रुवारीअखेरपर्यंत पॉलिसीला पॅन जोडलेलं हवं. त्या महिन्यात गेवराईतल्या सेवा केंद्रांवर जी रांग लागली, ती मी पीक विम्यालाही पाहिली नाही. भाव ९४९, पॉलिसीधारकाला ८८९. लागला! पुष्कळांना लागला. १७ मे रोजी मुंबई शेअर बाजारात ८६७ ला उघडला. नातेवाइकाकडून घेतलेल्या वस्तूची तक्रार करता येत नाही, तशी सगळ्यांनी गप्प बसून ती पचवली. मार्च २०२३ मध्ये तो साडेपाचशेच्या खाली गेला, तेव्हा मात्र रांग नव्हती, पॅन जोडा म्हणून कुणी फोन करत नव्हतं. झोमॅटोचंही असंच. जुलै २०२१ मध्ये ७६ ला इश्यू, ११५ ला लिस्टिंग, ‘गेली संधी’ म्हणून हॉटेलात सुतक. वर्षानं, जुलै २०२२ मध्ये, पंचेचाळीसच्या खाली कुणीही घेऊ शकत होतं. सोडत नाही, मंजुरी नाही, चंची नाही. पुढं तो शेअर दोनशेच्याही वर गेला. म्हणजे कंपनी चांगली निघाली तरी तिनं गावाला वर्षभर वाट पाहायची सवड दिली होती. घेतला किती जणांनी? जीएमपी नसल्यामुळं भाव योग्य आहे की नाही ते कळेना, असं दाजी म्हणाले.

वाट बघायची नाही असं आम्हाला मुळीच नाही. चुकीच्या ठिकाणी बघतो इतकंच. २०२१-२२ ला कापूस दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात म्हणून कुणी विकेना. दाजींच्या बैठकीत कापूस आढ्यापर्यंत आणि माणसं ओसरीत, असा मुक्काम उन्हाळ्यापर्यंत होता. पोरांच्या अंगाला खाज सुटली, पाहुणे उंबऱ्यातून परत गेले. दहा हजार काही आले नाहीत. सात-साडेसातला काढावा लागला. पेटीएमचे शेअरही दाजींनी असेच ठेवले आहेत, फक्त त्यांनी खाज सुटत नाही. सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ मधल्या १४४ आयपीओंचा. पहिल्या आठवड्यात वीस टक्क्यांहून जास्त फायदा झाला तिथं वैयक्तिक गुंतवणूकदारांनी दोनतृतीयांश माल आठवड्याच्या आत विकला. तोटा झाला तिथं जेमतेम पाव. गुरुजी म्हणाले, ‘दाजी, तुमचं घर सर्वेक्षणात होतं वाटतं.’ हातात येणाऱ्या चांगल्या गोष्टीला घालवायचं आणि वाईटाला पोसायचं, हे काम लोक पदरचे पैसे घालून करतात.

वाद वाढला की कुणीतरी अमळनेर काढतो. अमळनेरचं उदाहरण खरं आहे. १९४५ साली तिथं विप्रोची मूळ तेल कंपनी निघाली, शंभर रुपयांचा शेअर होता, गावातल्या लोकांनी घेतले आणि ज्यांच्या पिढ्यांनी ते विकले नाहीत ती घरं कोट्यधीश झाली. ‘आपल्या आज्यानं तवा घेतला असता तर?’ दाजी उसासा टाकतात. आज्यानं कसा घ्यावा? गेवराई तेव्हा निजामाच्या राज्यात, हाली सिक्क्याचा मुलूख. अर्जाआधी नाणंच बदलून आणावं लागलं असतं. शिवाय अमळनेरच्या लोकांना जीएमपी कळवणारा कुणी नव्हता. गिरणीतून तेल निघतंय हे त्यांना वासानं कळत होतं, आणि विकायचं झालं तरी दिवसातून दहादा मोबाइलवर भाव दिसत नव्हता. आणि इन्फोसिसचा इश्यू १९९३ साली ९५ रुपयांना आला तेव्हा तो पुरता भरलाही नव्हता, हे हॉटेलात कुणी सांगत नाही. ज्यात हवा नव्हती त्यात पैसा झाला, ही गोष्ट चहाबरोबर जात नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये या सगळ्यावर कळस झाला. दिल्लीतली दुचाकी विकणारी रिसोर्सफुल ऑटोमोबाइल, दोन शोरूम, आठ कर्मचारी, बारा कोटींचा छोटा इश्यू. अर्ज आले सुमारे ४,८०० कोटींचे. आपल्या बायपासच्या शोरूममध्ये आठ माणसं तर नुसती चहा प्यायला बसलेली असतात. ११७ चा शेअर ११७ लाच लिस्ट झाला. त्या आठ जणांचं पुढं काय झालं असेल, याची मला अधूनमधून काळजी वाटते.

साध्या माणसानं असले गाजलेले आयपीओ घ्यावेत का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणतो, जत्रेत जेवढे पैसे हरवायची तयारी असते तेवढ्याचा एक अर्ज करावा आणि त्याला गुंतवणूक म्हणू नये. पोराच्या फीचे, खताचे, लग्नाचे पैसे त्यात घालू नयेत. कंपनी खरंच आवडली असेल तर तिचे दोन-चार तिमाही निकाल पाहावेत. ती कुठं जात नाही. दाजी हे शांतपणे ऐकतात आणि विचारतात, ‘मग कट-ऑफलाच टाकू ना?’

परवा एक इश्यू लागला. सहातल्या एकाला. माय ओसरीवर वाती वळत बसली होती. दाजी मोबाइल नाचवत आले.

‘माय, तुझ्या नावानं लागला!’

‘कुठं लागलं?’ मायनं आधी त्यांच्या पायाकडं बघितलं.

‘शेअर गं, शेअर. कंपनीचा. आता तू त्या कंपनीची मालकीण.’

‘सातबारा कुठंय?’

‘सातबारा नसतो त्याला. मोबाइलमधी असतंय.’

‘कुणाच्या?’

दाजी थोडे अडखळले. ‘तुझ्याच. आम्ही बघतो फक्त.’

मायनं वात पूर्ण केली, तेलात भिजवली. मालकीणपणाचा तिनं नीट विचार केलेला दिसला. ‘मंग त्यांना सांग, सभेला गाडी धाडा म्हणावं. कारखान्याची येती.’

‘ह्यांची सभा मोबाइलवरच असती, माय. ऑनलाइन.’

‘आन् जेवण?’